दुचाकीची पत



आपल्या जालना जिल्ह्यातल्या कोणत्याही गावी संध्याकाळी पारावर जाऊन बसावे आणि सहज म्हणावे, "नवी गाडी घ्यायची आहे, कोणती घेऊ?" मग पाहा, पावसाचा आणि कापसाच्या भावाचा विषय मागे पडतो. एक जण म्हणतो, "अमक्या कंपनीची डोळे झाकून घे." दुसरा म्हणतो, "अरे, तिचं नाव काढू नको, माझ्या साडूच्या गाडीचा दोन वर्षांत खुळखुळा झाला." तिसरा एखादा वयस्क गृहस्थ म्हणतो, "पूर्वीच्या गाड्या लोखंडाच्या होत्या, आताच्या डबड्याच्या." या तिघांपैकी खोटे कोणीच बोलत नाही. तरीही तिघांचे ऐकून घरी परतावे, तर डोक्यात गोंधळच अधिक. आणि व्यवहार तर लाख रुपयांच्या आगेमागेचा, बहुधा हप्त्यांनी फेडायचा. म्हणून गाडीचे नाव म्हणजे काय, ते कसे मोठे होते, कसे उतरते, आणि त्यावर किती भरवसा ठेवावा, याविषयी आज थोडे बोलणार आहे.

आरंभी माझ्याच घरातली एक हकिकत सांगतो. माझी थोरली बहीण भोकरदन तालुक्यातल्या एका खेड्यात दिलेली. दाजींनी हौसेने एक मोटारसायकल घेतली होती. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण का सांगत नाही ते पुढे कळेलच. श्रावणातली रात्र. धाकट्या भाच्याला जुलाब-उलट्या लागल्या, पोराचे डोळे खोल गेले. दाजींनी त्याला घोंगडीत गुंडाळून ताईच्या मांडीवर दिले आणि गाडी काढली. पाऊस सुरू होता. चार मैल गेल्यावर ओढ्याच्या अलीकडे गाडी जी बंद पडली, ती पन्नास किका मारूनही चालू होईना. दीड तासाने एक जीप मिळाली. पोरगे वाचले, आज ते स्वतः दोन पोरांचा बाप आहे. पण त्या दीड तासात ताईवर काय गुजरली असेल, ते सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी दाजींनी भर पारावर सांगितले, "मरेपर्यंत त्या कंपनीची गाडी दारात उभी करणार नाही." महिन्याभरात गाडी मिळेल त्या किमतीला विकली. गावानेही ते मनावर घेतले. पुढची कित्येक वर्षे त्या गावात त्या कंपनीची एकही नवी गाडी आली नाही.

आता पुढचे ऐका. ती गाडी फिरत फिरत जालन्याच्या एका दुकानदाराकडे आली. पावसात बंद पडण्याची खोड काही जाईना. शेवटी जुन्या जालन्यातल्या एका उस्तादाकडे ती आणली, तेव्हा मी योगायोगाने तिथेच होतो. मुलांना इंजिनाचे शिक्षण देणे हा माझा धंदा, म्हणून उस्तादाकडे माझे येणे-जाणे असे. त्याने टाकी उतरवली आणि चौकटीच्या कडेला घासून उघडी पडलेली एक वायर मला दाखवली. किल्लीने गाडी बंद करण्यासाठी जी वायर असते तीच. उघडी वायर ओली होऊन लोखंडाला टेकली, की किल्ली फिरवल्यासारखेच होते, ठिणगी पडतच नाही. उस्ताद म्हणाला, "मास्तर, ही वायर ज्या क्लिपेत बसते ती क्लिप हाय कुठं? कोणीतरी मागं टाकी काढली, परत बसवताना क्लिप फेकून दिली. बदनाम कंपनी झाली."

श्रोतेहो, दोन आण्यांची एक क्लिप! तिच्यापायी एका गावात एका कंपनीची पत बुडाली. अर्थात कंपनी अगदीच निर्दोष होती असेही नाही. वायर कडेवरून जाते, तिथे रबराची नळी चढवायला हवी होती, ती नव्हती. म्हणजे दोष थोडा बनवणाऱ्याचा, पुष्कळसा दुरुस्त करणाऱ्याचा, आणि थोडा दाजींचाही. पावसात गाडी दोनदा बंद पडून आपोआप सुरू झाली होती, आणि त्यांनी ते अंगावर काढले होते.

आता मोठ्या उदाहरणाकडे वळू. आपल्या महाराष्ट्रातच घडलेले आणि आपणांस माहीत असलेले उदाहरण म्हणजे बजाज. जालन्याहून साठेक किलोमीटरवर त्या वेळचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर, आणि त्याच्या पलीकडे वाळूज. तिथे १९८५ साली या कंपनीचा कारखाना सुरू झाला, त्या वेळचे राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते. मराठवाड्यातल्या किती तरी घरांतली मुले त्या कारखान्यात आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांत कामाला लागली. म्हणून या नावाची चढउतार आपण जवळून पाहिली आहे.

या कंपनीची सुरुवात १९४५ सालची. आरंभी ती परदेशी गाड्या आणून विकत असे. इटलीतील पियाजिओ कंपनीची व्हेस्पा स्कूटर १९४८ पासून ती आयात करू लागली. १९५९ साली सरकारकडून गाड्या इथेच बनवण्याचा परवाना मिळाला, आणि पुण्याजवळ आकुर्डीला पियाजिओच्या सहकार्याने स्कूटर बनू लागल्या. हा करार १९७१ साली संपला. मग १९७२ मध्ये कंपनीने स्वतःच्या नावाने स्कूटर काढली, तिचे नाव चेतक, राणा प्रतापाच्या घोड्याचे. पुढे साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समधून प्रिया नावाची तिची बहीणही निघाली.

त्या काळी चेतकची पत काय होती, हे जुन्या शिक्षकांना विचारा. पैसे भरून नाव नोंदवायचे आणि वाट पाहायची, ती कित्येक वर्षे. दहा-दहा वर्षे वाट पाहिलेले लोक आहेत. मुलगी पाळण्यात असताना नंबर लावावा आणि तिच्या लग्नात स्कूटर द्यावी, असे लोक थट्टेने म्हणत. वापरलेली स्कूटर नव्यापेक्षा जास्त किमतीला विकली जाई. कारण उघड होते. कोणत्या कारखान्याने वर्षाला किती गाड्या काढायच्या, हे परवान्यात ठरलेले असे. मागणी डोंगराएवढी आणि पुरवठा ओंजळीएवढा.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. दुष्काळात कोणाचीही विहीर गोड लागते. ज्या वस्तूसाठी माणसाने आठ वर्षे वाट पाहिली, तिला तो सहसा नावे ठेवत नाही. सकाळी स्कूटर एका अंगावर कलती करून, मग सरळ उभी करून किक मारणारे गुरुजी आपणांपैकी अनेकांनी पाहिले असतील. आज एखादी नवी गाडी अशी कलती करावी लागली, तर आपण ती त्याच दिवशी दुकानदाराच्या दारात नेऊन उभी करू. त्या वेळी मात्र ती स्कूटरची लाडिक खोड मानली जाई.

परंतु चेतकची सगळी पत टंचाईमुळेच होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिचे इंजिन दोन टप्प्यांचे, म्हणजे टू-स्ट्रोक. ते काय असते, ते शिक्षक मित्रांसाठी थोडक्यात सांगतो. इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण आत घ्यायचे, दाबायचे, पेटवायचे आणि धूर बाहेर टाकायचा, अशी चार कामे असतात. चार टप्प्यांच्या इंजिनात प्रत्येक कामाला दट्ट्याची, म्हणजे पिस्टनची, एकेक स्वतंत्र फेरी असते, आणि मिश्रण आत येण्याची व धूर बाहेर जाण्याची दारे, म्हणजे व्हॉल्व्ह, वेळच्या वेळी उघडझाप करतात. दोन टप्प्यांच्या इंजिनात ही चार कामे दोन फेऱ्यांत उरकतात, आणि व्हॉल्व्हच नसतात. पिस्टनच वरखाली होताना भिंतीतली भोके झाकतो आणि उघडतो. भाग कमी, म्हणून बिघाड समजायला सोपा. प्लग काढला, पॉलिशकागदाने घासला, फुंकर मारली, बसवला, की काम झाले. सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळत. अंगावरचे कवच पोलादी पत्र्याचे. म्हणून "बजाजची स्कूटर बंद पडली तरी अडवत नाही" अशी तिची ख्याती झाली, आणि ती खरी होती.

पण दोन टप्प्यांच्या इंजिनाचे दोषही असतात. त्याला वंगण म्हणून पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते, साधारण लिटरला वीस मिलीलिटर. ते तेल जळते आणि निळसर धूर येतो. शिवाय धूर बाहेर पडण्याच्या आणि नवे मिश्रण आत येण्याच्या वेळा एकमेकींत मिसळतात, म्हणून थोडे कोरे पेट्रोल न जळताच बाहेर निघून जाते. परिणाम असा, की पेट्रोल जास्त लागते, आणि प्लगवर व सायलेन्सरमध्ये काजळी धरते.

ही उणीव लोकांना केव्हा जाणवली? दुसरे काही पाहायला मिळाले तेव्हा. १९८५ साली हिरो होंडा कंपनीची सीडी-१०० ही चार टप्प्यांची मोटारसायकल बाजारात आली. तेल मिसळायची कटकट नाही, धूर नाही, आणि एका लिटरात स्कूटरपेक्षा कितीतरी लांब जाणारी. शिवाय चाके मोठी. स्कूटरचे चाक दहा इंचांचे. डांबरी सडकेवर ते ठीक, पण पावसाळ्यात मंठा-परतूरकडच्या काळ्या रानातल्या गाडीवाटेने जायचे, तर मोठे चाक हवे. खेड्यातल्या माणसाने हिशेब केला आणि तो हळूहळू मोटारसायकलीकडे वळला.

बजाज कंपनी स्वस्थ बसली नव्हती. जपानच्या कावासाकी कंपनीशी हात मिळवून १९८६ मध्ये तिने केबी-१०० ही मोटारसायकल काढली. पण ती दोन टप्प्यांची होती. चार टप्प्यांची मोटारसायकल तिने आणली ती १९९० च्या सुमारास. तोवर लोकांच्या मनात एक खूणगाठ बसून गेली होती, "स्कूटर बजाजची, मोटारसायकल होंडाची." श्रोतेहो, पत ही अशी असते. एका मालाची पत दुसऱ्या मालाला आपोआप चिकटत नाही. उत्तम नांगर करणारा सुतार उत्तम पाळणा करीलच, असे लोक धरून चालत नाहीत. त्याला पाळणा करून दाखवावा लागतो.

१९९१ नंतर परवान्यांचे दिवस संपत गेले. वाट पाहणे सरले. गिऱ्हाईक दुकानात जाऊन रंग निवडू लागले, आणि मग नावेही ठेवू लागले. १९९० चे दशक संपता संपता देशात स्कूटरपेक्षा मोटारसायकली अधिक विकल्या जाऊ लागल्या. त्यातच धुराविषयीचे सरकारी नियम १९९६ आणि २००० साली कडक झाले आणि दोन टप्प्यांच्या इंजिनाची वाट बिकट झाली. २००१ साल उजाडले तेव्हा दुचाकींच्या धंद्यातला पहिला क्रमांक हिरो होंडाने घेतला होता. ज्या नावासाठी लोक दहा वर्षे थांबत, त्या नावाच्या स्कूटर आता दुकानात धूळ खात उभ्या राहू लागल्या.

मग २००१ मध्येच या कंपनीने पल्सर काढली. पुण्याजवळच्या चाकणच्या नव्या कारखान्यात ती बनू लागली. दीडशे आणि एकशे ऐंशी सीसीच्या या गाड्या तरुणांनी डोक्यावर घेतल्या. २००३ साली तिच्या इंजिनात एकाऐवजी दोन प्लग आले. त्यातले तत्त्व सोपे आहे. कडब्याची गंजी एका टोकाला पेटवली तर आग दुसऱ्या टोकाला पोचायला वेळ लागतो. दोन्ही टोकांना काडी लावली तर ती लवकर आणि सारखी पेटते. तसेच इंजिनातले मिश्रण. या एका गाडीने कंपनीची मोटारसायकलीतली पत उभी केली. खेड्यांसाठी सीटी-१०० आणि २००६ साली प्लॅटिना आली. दूधवाले, फिरते विक्रेते आणि शाळेला रोज ये-जा करणारे शिक्षक त्यांच्या पेट्रोलच्या हिशेबावर खूश झाले. उलट डिस्कव्हर या एकाच नावाखाली शंभर, सव्वाशे, दीडशे सीसीच्या इतक्या निरनिराळ्या गाड्या निघाल्या, की त्या नावाचा अर्थच पुसट झाला. आणि २००९ च्या अखेरीस कंपनीने जाहीर केले, की आता आपण स्कूटर बनवणार नाही. पुढे दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, तेच चेतक हे नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला पुन्हा देण्यात आले. २०२४ च्या जुलैत याच कंपनीने सीएनजी वायूवर चालणारी मोटारसायकलही काढली.

आणखी एक गंमत सांगतो. याच कंपनीची बॉक्सर ही साधी मोटारसायकल आपल्याकडे मागे पडली, पण आफ्रिकेतल्या नायजेरिया, केनिया, युगांडा या देशांत ती भाड्याने माणसे वाहते. तिकडच्या कच्च्या रस्त्यांवर दोन-दोन उतारू बसवून दिवसभर धावते. तिकडे बजाज हे नाव मजबुतीचे मानतात. एकच नाव, पण एका मुलखात त्याचा अर्थ एक आणि दुसऱ्या मुलखात दुसरा.

आता तुम्ही म्हणाल, ही झाली गोष्ट. यातून आम्ही काय घ्यायचे?

पहिली गोष्ट अशी, की "गाडी चांगली" या शब्दांत तीन निरनिराळ्या गोष्टी आपण मिसळून टाकतो. एक, भरवसा. म्हणजे सकाळी चालू होते का, रस्त्यात अडवत नाही ना. दुसरी, बांधणी. म्हणजे जोड नीट आहेत का, रंग टिकतो का, नळ्यांवरचा मुलामा जातो का, पत्रे आणि प्लास्टिक खडखडतात का. तिसरी, दुरुस्तीची सोय. म्हणजे बिघडलीच तर गावात सुधारते का, भाग मिळतो का. या तिन्ही गोष्टी एकत्र असतीलच असे नाही. एखादी गाडी बैलगाडीसारखी खडखड वाजते, पण दहा वर्षे ओढते. एखादी आरशासारखी चकचकीत दिसते, पण पहिल्याच पावसाळ्यात नखरे करते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! जुन्या चेतकची पत मुख्यतः तिसऱ्या गोष्टीवर, म्हणजे दुरुस्तीच्या सोयीवर उभी होती. आजच्या गाड्यांची पत पहिल्या गोष्टीवर उभी आहे. १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेलाच. आता पेट्रोल किती सोडायचे हे एक लहानसा विजेचा मेंदू ठरवतो. त्यामुळे थंडीतही गाडी पटकन चालू होते. पण कधी काळी बंद पडलीच, तर झाडाखाली बसून प्लग घासल्याने काम होत नाही, तपासणीचे यंत्र लागते. पारावरचे म्हातारे आणि तरुण गाडीवरून भांडतात ते येथेच. "भरवशाची" हा शब्द दोघे दोन अर्थांनी वापरत असतात.

दुसरी गोष्ट, पत नेहमी गाडीच्या मागून चालते. इंजिनाची खरी झीज तीस-चाळीस हजार किलोमीटरनंतर दिसू लागते. खेड्यात त्याला चार-पाच वर्षे लागतात. तोवर कारखान्यातून निघणारी गाडी बदललेली असते, कधी सुधारलेली, कधी काटकसर केलेली. म्हणजे लोक आज जे बोलतात, ते पाच वर्षांपूर्वीच्या गाडीविषयी बोलतात. आकाशात आज दिसणारा तारेचा उजेड पूर्वीच निघालेला असतो, तसेच हे. म्हणून विचारताना "कोणती कंपनी?" एवढेच विचारू नका. "कोणत्या सालची? किती किलोमीटर चालली?" हेही विचारा.

तिसरी गोष्ट आपल्या जालन्याच्या माणसाला लवकर समजेल. आपले शहर लोखंडाच्या भट्ट्यांचे. देशभरातली मोड इथे येते, वितळते आणि तिच्या सळया होतात. आपण रस्त्यावर एखादी चाळीस वर्षांची चेतक धावताना पाहतो आणि म्हणतो, "बघा, पूर्वीचा माल कसा टिकाऊ!" पण तिच्याबरोबर निघालेल्या बाकीच्या कुठे आहेत? त्या मोडीत जाऊन कुणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये सळई होऊन बसल्या आहेत. मोडीत गेलेल्या गाड्या पारावर साक्ष द्यायला येत नाहीत. जी उरली, तीच बोलते. म्हणून जुने ते सगळे सोने, हा निवाडा घाईचा असतो.

चौथी गोष्ट हिशेबाची आहे, आणि ती शिक्षक मित्रांसाठी मुद्दाम सांगतो. समजा, एका गावात एका कंपनीच्या साठ गाड्या आहेत आणि दुसरीच्या दहा. वर्षभरात गॅरेजमध्ये पहिलीच्या बारा आल्या, दुसरीच्या चार. मिस्त्री सांगेल, "पहिल्या कंपनीच्याच गाड्या जास्त बिघडतात, माझ्याकडे त्याच येतात." त्याने पाहिले ते खरेच आहे. पण साठांत बारा म्हणजे शेकडा वीस, आणि दहांत चार म्हणजे शेकडा चाळीस. दुप्पट कोण बिघडली? शेकडेवारीचे गणित शिकवायला याहून चांगले उदाहरण कोणते? सातवी-आठवीच्या मुलांना सांगा, की आपल्या वाडीतल्या सगळ्या दुचाकींची एक वही करा. बिघडलेल्यांचीच नव्हे, न बिघडलेल्यांचीही. कंपनी, साल, किलोमीटर, वर्षात किती वेळा अडली आणि कशामुळे अडली, असे पाच रकाने. मालकाचे नाव लिहू नका, त्याची गरज नाही. वर्षअखेरीस त्या वहीतून जे निघेल, ते शंभर जाहिरातींपेक्षा आणि हजार गप्पांपेक्षा मोलाचे असेल. "कशामुळे अडली" हा रकाना विसरू नका. नाही तर दाजींच्या गाडीसारखी क्लिपेची चूक कंपनीच्या खात्यावर जाईल.

हे आपल्याला अवघड नाही. आपला जिल्हा बियाण्यांसाठी देशात ओळखला जातो. बियाण्याच्या पिशवीवरचे नाव वाचून शहाणा शेतकरी थांबत नाही. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. गाडीलाही तोच न्याय लावा.

मग गाडी पाहावी कशी? जुनी घेणार असाल तर इंजिन थंड असतानाच पाहायला जा. मालकाने ती आधीच तापवून ठेवली असेल, तर समजून घ्या. चालू केल्यावर धूर पाहा. निळसर धूर म्हणजे तेल जळते, म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेले. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ आली तर भिऊ नका, ते पाणी असते. टाकीचे झाकण उघडून आत गंज पाहा. साखळीच्या चाकाचे दाते आकड्यासारखे वाकले असतील तर खर्च धरून ठेवा. पुढचे चाक उचलून हँडल डावीकडे-उजवीकडे सावकाश फिरवा, मध्येच अडखळले तर कोनसेट खराब. वायरींना जागोजागी चिकटपट्टी असेल तर गाडीचा इतिहास चांगला नाही. आणि चेसिसचा नंबर आरसी बुकाशी ताडून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका.

नवी घेणार असाल तर बांधणी हाताने पाहा. जोडांवरून बोट फिरवा, आसनाखालची वायर कशी बांधली आहे ते पाहा, कडेवर रबर आहे का ते पाहा. न दिसणाऱ्या जागी ज्याने नीट काम केले, त्याने दिसणाऱ्या जागी केलेलेच असते. आपल्या गावापासून जवळचे अधिकृत दुरुस्ती केंद्र किती लांब आहे, ते विचारा. आणि विजेवर किंवा सीएनजीवर चालणाऱ्या नव्या जातीच्या गाडीविषयी एवढेच लक्षात ठेवा, की तिची पत अजून काळाने ठरवायची आहे. जुने नाव म्हणजे ओळखीचे पत्र समजा, जामीन नव्हे. हमी किती वर्षांची आहे ते कागदावर वाचा.

शेवटी आपल्या हातातले. गाडीचा भरवसा कारखान्यात निम्माच तयार होतो. उरलेला निम्मा आपल्या अंगणात होतो. आपल्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक. ती एअर फिल्टरमध्ये बसली, की इंजिनाचा श्वास कोंडतो. पुस्तकात लिहिले असेल त्याच्या आधीच तो साफ करा. इंजिनाचे तेल वेळेवर बदला. चार टप्प्यांच्या इंजिनाचे तेल म्हणजे त्याचे रक्तच. दुधाचे कॅन किंवा मोसंबीचे कॅरेट लादताना ठरलेल्या वजनाच्या पलीकडे जाऊ नका, मग चौकट तडकली तर कंपनीला बोल लावता येणार नाही. अलीकडे पेट्रोलमध्ये शेकडा वीसपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, आणि जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग त्याने लवकर खराब होऊ शकतात. म्हणून जुनी गाडी टाकी भरून महिनोन्महिने उभी ठेवू नका, आणि पेट्रोलची नळी अधूनमधून पाहत जा. सुटा भाग घेताना चार पैसे वाचवण्यासाठी नकली घेऊ नका. आणि दुरुस्ती झाल्यावर मिस्त्रीला एक प्रश्न जरूर विचारा, "उस्ताद, जे जे काढलं होतं, ते सगळं परत बसलं ना?"

माझे दाजी आता थकले आहेत. मागच्या दिवाळीला नातवासाठी गाडी घ्यायची होती, तेव्हा त्यांनी मला बोलावले. दुकानात गेल्यावर मला वाटले, ते नावाची पाटी पाहतील. पण त्यांनी दुकानदाराला सांगितले, "बाबा, तेवढी सीट काढून दाखव." मग वाकून, चष्मा सावरत, त्यांनी एकेक वायर कुठून कुठे जाते ते बोटाने चाचपून पाहिले. शेवटी जी घेतली ती त्याच कंपनीची, जिचे नाव ते तीस वर्षे घेत नव्हते. मी काही बोललो नाही. तेच म्हणाले, "क्लिपा आहेत रे सगळ्या. आता सांभाळणं आपल्याकडं."

श्रोतेहो, यात सारे आले. नाव ऐकावे, मान द्यावा, पण गाडी आपल्या डोळ्यांनी पाहावी. घेतल्यावर तिला जपावे, कारण एखाद्या रात्री तिच्यावरून आपण कोणाला घेऊन निघणार आहोत, ते आज सांगता येत नाही.